वनकायदा बदलला की अर्थसंकल्पात काय हलते?

निव्वळ वर्तमान मूल्य तुम्ही अभियांत्रिकी अर्थशास्त्रात यंत्राचे किंवा प्रकल्पाचे काढता. आपल्याकडे ते जंगलाचेही काढतात. वनजमीन खाणीला किंवा धरणाला द्यायची तर प्रतिपूरक वनीकरणाच्या खर्चाखेरीज हे मूल्य भरावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केलेले दर हेक्टरी ४.३८ ते १०.४३ लाख रुपये होते. २०२२ मध्ये ते वाढून कमाल दर सुमारे १५.९५ लाख झाला.

मी जामुलला राहतो. शेजारच्या भिलाई पोलाद कारखान्याचे लोहखनिज दल्ली-राजहराहून येते, म्हणून हा विषय आम्हाला पुस्तकी वाटत नाही.

प्रतिपूरक वनीकरण निधी अधिनियम, २०१६ नुसार या रकमेतील ९० टक्के राज्याला आणि १० टक्के केंद्राला मिळतात. पैसा लोकलेख्यात राहतो, ३१ मार्चला तो व्यपगत होत नाही. ही तरतूद चांगलीच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये राज्यांना सुमारे ४७ हजार कोटी रुपये वर्ग झाले, त्यांत छत्तीसगडचे ५,७९१.७० कोटी आणि महाराष्ट्राचे ३,८४४.२४ कोटी होते. वर्तमानपत्रांनी ही राज्याला झालेली प्राप्ती म्हणून छापली. खरे तर ही विकलेल्या घराची किंमत आहे, घरभाडे नव्हे. सरकारी लेखे रोख पद्धतीचे असल्याने आलेला रुपया दिसतो, गेलेले जंगल कुठेच वजा होत नाही.

बदली जंगल उभे राहते म्हणावे, तर महालेखापरीक्षकांचा २०१३ चा अहवाल वाचा. २००६ ते २०१२ या काळात सुमारे १,०३,३८२ हेक्टर वनेतर जमीन मिळायला हवी होती; मिळाली २८,०८६ हेक्टर.

आता २०२३ ची दुरुस्ती घ्या. नक्षलग्रस्त भागात ५ हेक्टरपर्यंतच्या काही सुरक्षा व लोकोपयोगी कामांना मूळ कायद्यातून सूट मिळाली. अशा कामांवर झाडे लावण्याची अट घालता येते, पण निव्वळ वर्तमान मूल्याची आकारणी केंद्राच्या पूर्वपरवानगीशी बांधलेली आहे. परवानगीच नको म्हटल्यावर तिचा आधार जातो. २०२२ च्या दरांनी ५ हेक्टरचे लाखो रुपये होतात. रक्कम लहान वाटेल. माझा आक्षेप रकमेवर नाही, ती कोणीच मांडत नाही यावर आहे.

लोकसभेच्या नियम ६९ प्रमाणे खर्च असलेल्या विधेयकाला वित्तीय ज्ञापन जोडावे लागते. सुटलेली जमा खर्चात मोडत नाही, म्हणून तो नियम तिला लागू होत नाही. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने संसदेचे स्वतंत्र अर्थसंकल्प कार्यालय स्थापन झाले. वनविषयक विधेयकाने खर्च किती वाढेल आणि जमा किती घटेल, दोन्हींचा अंदाज ते देते. आपल्या खासदारांना मतदानापूर्वी असा कागद मिळत नाही.

स्वाध्याय: आपल्या राज्याच्या अर्थसंकल्पात कॅम्पाची जमा कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवतात ते शोधा. मग वळवलेल्या वनजमिनीचे हेक्टर त्याच पुस्तकात कुठे सापडतात का, तेही पाहा.