शोधनिबंध आणि प्रयोगाची वही

पीटर मेडावर या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने १९६३ साली बीबीसीच्या नभोवाणीवर एक भाषण दिले. भाषणाचे शीर्षकच प्रश्नार्थक होते : वैज्ञानिक शोधनिबंध ही एक फसवणूक आहे काय? प्रश्न विचारणारा कोणी विज्ञानाचा वैरी नव्हता. आपले शरीर परक्या ऊती का नाकारते आणि कोणत्या परिस्थितीत त्या स्वीकारते, यावरील कामासाठी तीनच वर्षांपूर्वी, म्हणजे १९६० साली, मेडावर यांना मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले होते. घरच्याच माणसाने घराविषयी तक्रार करावी, तसा हा प्रकार. साठ वर्षे उलटल्यावर या भाषणाची पुन्हा तपासणी करावी असे आम्हाला वाटते. कारण त्याचा संबंध संशोधन संस्थांइतकाच आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेशी आहे.

मेडावर यांचा आरोप आधी नीट समजून घेतला पाहिजे. शोधनिबंधात खोटे आकडे असतात, असे त्यांना म्हणायचे नव्हते. त्यांचा आक्षेप मांडणीवर होता. प्रस्तावना, पूर्वीचे काम, पद्धती, निष्पत्ती आणि सर्वांत शेवटी चर्चा, असा निबंधाचा ठरीव साचा असतो. तो वाचून असे वाटते की, शास्त्रज्ञाने अगदी कोऱ्या मनाने निरीक्षणे केली, त्यांचा ढीग साठला आणि मग दुधावर साय यावी तसा निष्कर्ष आपोआप वर आला. बी.एड.च्या अभ्यासक्रमात आपण जिला उद्गामी पद्धती म्हणून शिकलो, तीच ही. मेडावर म्हणतात, प्रत्यक्षात असे कधी घडतच नाही. मनात आधी एखादी कल्पना असते, अटकळ असते. काय पाहायचे आणि काय सोडून द्यायचे हे तीच ठरवते. निबंधाचा साचा ही कल्पना लपवतो आणि विचार कसा झाला याचे चुकीचे चित्र उभे करतो. त्यांनी उपायही सुचवला होता : चर्चा शेवटी न ठेवता आधी घ्यावी.

आता आपल्या विद्यार्थ्याचे जर्नल उघडावे. उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षणे, गणन, अनुमान. साचा तोच, फक्त आकाराने लहान. त्यात 'मला आधी काय वाटले होते' असा रकाना नाही, आणि 'काय चुकले' असा तर नाहीच नाही.

मेडावर यांचे म्हणणे किती खरे आहे, हे पाहण्यासाठी आपल्या अगदी जवळचे उदाहरण घेऊ. दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. भाषणांतून जी गोष्ट सांगितली जाते तिच्यात रामन १९२१ साली बोटीतून समुद्राचा निळा रंग पाहतात आणि पुढच्याच वाक्यात १९२८ साल उजाडते. मधली सात वर्षे कुठे गेली, हे मुलांना कोणी सांगत नाही. त्या काळात कोलकात्याच्या इंडियन असोसिएशनमध्ये द्रवांतून विखुरणाऱ्या प्रकाशावर सतत काम चालू होते. १९२३ साली के. आर. रामनाथन यांना विखुरलेल्या प्रकाशात बदललेल्या रंगाचा एक अगदी मंद अंश दिसला होता. द्रवातील अशुद्धीमुळे आलेले ते क्षीण प्रतिदीपन असावे, असा अर्थ तेव्हा लावला गेला. द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध केला तरी तो अंश जाईना. म्हणजे १९२८ च्या पाच वर्षे आधीच शोध डोळ्यांसमोर होता, पण तो शोध आहे हे ओळखणारी कल्पना नव्हती. कोरे मन ठेवून पाहिले की सत्य आपोआप दिसते, या समजुतीला याहून चांगले उत्तर आम्हाला माहीत नाही.

आणखी एक तपशील विज्ञान दिनाच्या भाषणात सांगण्यासारखा आहे. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी 'नेचर' साप्ताहिकाला पाठवलेल्या टिपणावर १६ फेब्रुवारी १९२८ ही तारीख आहे. ते छापून आले ३१ मार्चला. वर्णपटदर्शकातून बदललेला प्रकाश स्वतंत्रपणे दिसला तो २८ फेब्रुवारीला. म्हणजे टिपण आधी रवाना झाले आणि ज्या निरीक्षणाचा दिवस आपण पाळतो ते नंतर झाले! सूर्यप्रकाश, दुर्बिणीचे मोठे भिंग आणि एकमेकांना पूरक रंगांच्या काचा एवढ्या सामग्रीवर ते टिपण उभे आहे.

गंमत अशी की, हे टिपण मेडावर यांनी वर्णन केलेल्या साच्यात बसत नाही. त्याची सुरुवातच कल्पनेने होते. क्ष-किरणांच्या विखुरण्यात काम्टन यांना बदललेल्या लांबीच्या लहरी सापडल्या. तसेच साध्या प्रकाशातही घडत असावे, अशी अपेक्षा आधी मांडली आहे. मग प्रयोग, साठेक द्रवांवरील तपासणी, आणि हे प्रतिदीपन नव्हे असे मानण्याची कारणे : अंश फारच मंद आहे आणि तो ध्रुवीकृत आहे. मेडावर यांनी ३५ वर्षांनंतर जी शिफारस केली तिच्या बरेच जवळ जाणारे हे लेखन आहे. मात्र आधीच्या सात वर्षांच्या चाचपडण्याला त्यात जवळजवळ जागा नाही. ती जागा रामन यांनी १६ मार्चला बंगळूरला दिलेल्या व्याख्यानात दिली. हे व्याख्यान 'इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये छापले गेले आणि त्यात रामनाथन यांच्या निरीक्षणाचाही उल्लेख आहे. शिवाय कृष्णन यांची त्या महिन्यातील दैनंदिनी उपलब्ध आहे. एकच शोध तीन रूपांत : टिपण, व्याख्यान, दैनंदिनी. अकरावी-बारावीच्या हुशार विद्यार्थ्यांपुढे ही तीन रूपे शेजारी शेजारी ठेवली, तर शास्त्रीय पद्धतीवरचा वेगळा धडा शिकवण्याची फारशी गरज उरणार नाही.

येथवर मेडावर यांच्याशी आमचे भांडण नाही. ते पुढे सुरू होते. आकडे खरे असतात, फक्त मांडणी दिशाभूल करते, अशी विभागणी त्यांनी केली. ती जरा भाबडी आहे. मांडणी इतकी गुळगुळीत हवी असली की आकड्यांवरही रंधा फिरतोच. रॉबर्ट मिलिकन यांचा तेलाच्या थेंबांचा प्रयोग बारावीला शिकवला जातो. १९१३ सालच्या त्यांच्या निबंधात ५८ थेंबांचे आकडे आहेत. हे निवडक थेंब नसून सलग ६० दिवसांत तपासलेले सर्व थेंब आहेत, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. विज्ञानेतिहासकार जेराल्ड होल्टन यांनी मिलिकन यांच्या मूळ वह्या तपासून १९७८ साली जे लिहिले, त्यातून वेगळेच चित्र पुढे आले. वह्यांत ५८ पेक्षा कितीतरी अधिक थेंब आहेत. काही गणनांशेजारी 'सुंदर, छापायचे' अशा अर्थाचे शेरे आहेत, तर काहींपुढे हे वापरायचे नाही असे. मिलिकन यांची बाजूही सांगितली पाहिजे. वगळलेल्या थेंबांपैकी अनेकांना सबळ कारण होते. ते सगळे धरले तरी इलेक्ट्रॉनवरील प्रभाराची किंमत फारशी बदलत नाही. त्यांच्या उत्तरात सुमारे ०.६ टक्क्याची तूट राहिली, ती मुख्यतः हवेच्या श्यानतेची चुकीची किंमत वापरल्यामुळे. उत्तर मोठे, माणूस मोठा, आणि तरीही ते एक वाक्य खरे नव्हते. 'इतके थेंब पाहिले, इतके अमुक कारणांनी सोडले' असे लिहिले असते तर काय बिघडले असते? काहीच नाही. साच्याला मात्र ते शोभले नसते.

याच्या उलट वागणूकही भौतिकीत आढळते. २०११ च्या सप्टेंबरात ऑपेरा गटाने जाहीर केले की, जीनिव्हाजवळच्या सर्नपासून इटलीतील ग्रान सास्सोपर्यंतच्या सुमारे ७३० किलोमीटरच्या प्रवासात न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचलेले दिसतात. कसलाही सैद्धांतिक दावा न करता त्यांनी आपले मोजमाप इतरांपुढे तपासणीसाठी ठेवले. २०१२ साली प्रकाशतंतूची एक नीट न बसलेली जोडणी सापडली आणि विषय मिटला. वृत्तपत्रांनी आधी आइनस्टाइनला हरवले, मग या गटाला हसले. आमच्या मते दोन्ही वेळा चूक वृत्तपत्रांची होती.

वैद्यकात गेलो की मेडावर यांचा उपाय उलटा पडतो. तेथे ठरीव साचा ही नुसती रूढी नाही, रुग्णाचे ते संरक्षण आहे. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी १९४८ साली प्रसिद्ध केली. कोणाला औषध मिळणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता बंद पाकिटांनी ठरवले होते. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ रुग्ण दगावले, नुसती विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४. एवढ्यावर कोणीही टाळ्या वाजवल्या असत्या. पण त्याच रुग्णांची नोंद पाच वर्षे ठेवली गेली तेव्हा मृत्यू अनुक्रमे ३२ आणि ३५ निघाले. क्षयजंतू एकट्या औषधाला पुरून उरत होते. एकावेळी एकाहून अधिक औषधे देण्याची रीत पडली ती याच अनुभवातून. येथे काय मोजायचे हे आधी ठरलेले होते आणि मोजलेले सगळे सांगितले गेले. हा शिरस्ता आता नियमात आला आहे. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ साली चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली आणि २००९ पासून औषध महानियंत्रकांनी चाचणीपूर्वी तेथे नोंद करणे बंधनकारक केले. कल्पना आधी सांगा, हे मेडावर यांचे म्हणणेच येथे दुसऱ्या वाटेने आले आहे. फक्त ती निबंधात नव्हे, तर प्रयोगापूर्वी तारखेनिशी सांगायची.

ही तारीख नसली की काय होते, ते मानसशास्त्राने स्वतःच दाखवून दिले. आधीच छापून आलेले १०० अभ्यास शेकडो संशोधकांनी पुन्हा करून पाहिले आणि फलित २०१५ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत लक्षणीय परिणाम होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच दिसला. सगळे लबाड होते असा याचा अर्थ नाही. आकडे हाती आल्यावर जी कल्पना त्यांत बसते ती निवडायची आणि 'आमची हीच अपेक्षा होती' असे प्रस्तावनेत लिहायचे, ही सवय त्यांतील अनेकांच्या अंगवळणी पडली होती. मेडावर यांना वाटत होते, निबंध कल्पना लपवतो. येथे निबंध मागाहून सुचलेल्या कल्पनेला आधीची म्हणून मिरवतो. हा धोका त्यांना दिसला नाही, आणि चर्चा आधी आणल्याने तो वाढण्याचाच संभव अधिक.

अभियांत्रिकीविषयी थोडक्यात. तिचे उत्तम लेखन आम्हाला शोधनिबंधांत नव्हे, तर अपघातांच्या चौकशी अहवालांत आढळते. कॉमेट हे जेट विमान १९५४ च्या जानेवारीत एल्बा बेटाजवळ कोसळले. सुधारणा करून मार्चमध्ये उड्डाणे पुन्हा सुरू केली आणि एप्रिलमध्ये दुसरे विमान पडले. मग एक अख्खे विमान फार्नबरोला पाण्याच्या टाकीत घालून त्यावर पुन्हा पुन्हा दाब दिला गेला आणि ३०५७ उड्डाणांइतक्या ताणानंतर त्याचा सांगाडा फाटला. पहिली अटकळ कशी चुकली हे सांगितल्याशिवाय ही हकीकत लिहिताच येत नाही.

आता पुन्हा जर्नलकडे. साध्या दोलकाने गुरुत्व त्वरण काढण्याचा प्रयोग घ्या. एक मीटर लांबीच्या दोलकाच्या २० आंदोलनांना सुमारे ४० सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे होणारच. म्हणजे काळात अर्धा टक्का आणि उत्तरात एक टक्का, सुमारे १० एककांचा फरक. तेव्हा प्रामाणिक वर्गाची उत्तरे ९७० पासून ९९० पर्यंत विखुरलेली असली पाहिजेत. प्रत्यक्षात सगळ्या वह्यांत ९८० किंवा ९८१ असते. आणि ९८१ ही किंमत मध्य अक्षांशांकडची आहे. मुंबईत गुरुत्व त्वरण ९७८.६ च्या आसपास आहे. मुले जे उत्तर 'आणतात' ते आपल्या गावचे उत्तरच नव्हे. याला मुले रिडिंग कुक करणे म्हणतात. ही पाककला त्यांना कोणी शिकवली, हे आपण शिक्षकांनी एकमेकांना विचारायला हरकत नाही.

वेळ नाही, तुकडी मोठी, तोंडी परीक्षेला येणारे परीक्षक नेमके उत्तर मागतात, या अडचणी खऱ्या आहेत. म्हणून सगळे जर्नल बदला असे आम्ही सुचवत नाही. वर्षातून एक प्रयोग, दोलकाचाच चालेल, असा करून पाहावा : घड्याळ हातात घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज शाईने लिहावा व शिक्षकांनी त्यावर तारखेसह सही करावी. नको वाटलेले रिडिंग खोडरबराने पुसू नये. त्यावर एक रेघ मारावी आणि शेजारी कारण लिहावे. शेवटी साऱ्या वर्गाची उत्तरे फळ्यावर मांडावीत. ९६८ आणणाऱ्या मुलाला त्या दिवशी पूर्ण गुण द्यावेत आणि बरोबर ९८० आणणाऱ्याला जवळ बोलावून विचारावे, हे कसे काढलेस ते सांग पाहू.