दक्षिणेसाठी निघालेला साक्षीदार

विष्णुभट गोडसे घराबाहेर पडले ते कर्ज फेडायला. पेणजवळच्या वरसईचा हा वैदिक ब्राह्मण. घरची ओढाताण, डोक्यावर देणं. अशात कानावर आलं की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार आहेत. तिथे दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली काका रामभटांना घेऊन ते उत्तरेकडे निघाले आणि वाटेतच बंडाच्या वणव्यात सापडले. पुढे अनेक वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी ही हकीकत लिहून काढली. १९०७ मध्ये वैद्यांनी ती ‘माझा प्रवास’ या नावाने छापली, पण संस्कार करून. दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ संहिता प्रसिद्ध केली, तेव्हा भटजींचा खरा आवाज वाचकांपर्यंत पोचला.

हा आवाज भिक्षुकाचा आहे, आणि पुस्तकाचं बळ नेमकं त्यातच आहे. गोडसे कुठल्याही गावात शिरले की आधी पाहतात ते उतरायची सोय, जेवणाची व्यवस्था, यजमानाची ऐपत आणि दक्षिणेचा आकडा. आपल्याला आधी हसू येतं. चहूकडे राज्यं कोसळताहेत आणि हा माणूस पंगतीचं वर्णन करतोय! पण चार पानं पुढे गेलं की ध्यानात येतं, पोटासाठी हिंडणाऱ्याला वस्तूंकडे काणाडोळा करून चालत नाही. कोणाच्या घरात काय आहे, कोणता माल कुठे मिळतो, कोण सढळ आणि कोण कंजूष, हे टिपणं हाच त्याच्या धंद्याचा भाग.

झाशीच्या प्रकरणात या सवयीचं सोनं होतं. इंग्रजांच्या वेढ्यापूर्वीची झाशी ते सावकाश, चवीने दाखवतात. राणी लक्ष्मीबाईचा दिनक्रम, तिची तालीम आणि घोडेस्वारी, वाड्यातलं चैत्राचं हळदीकुंकू, देवळं, बाजार. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाबद्दल लिहिताना तर वैदिकाचा जीव त्यात गुंतलेला जाणवतो. काशीच्या पंडितांनीही नकलांसाठी यावं असा तो संग्रह. १८५८च्या एप्रिलमध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजा शहरात घुसल्या. त्यानंतरची लूट गोडसे सांगतात ती याद्यांच्या चालीवर. आधी सोनंनाणं, मग तांब्यापितळेची भांडी, कापडचोपड, धान्य. पोथ्यांचा विध्वंसही त्याच ओघात येतो.

इथे थोडं थांबून वाचावं. पंगतींचं वर्णन करायला जी शैली वापरली, तीच शैली शहर ओरबाडलं जाताना चालू राहते. विशेषणं वाढत नाहीत, हुंदका येत नाही. ज्या क्रमाने घर उभं राहतं, त्याच्या उलट क्रमाने ते रितं होत जातं. शेवटी धान्य गेलं म्हणजे उद्याची चूल गेली, हे वाचकाला निराळं सांगावं लागत नाही. झाशीच्या हलवाईपुऱ्यातली आग आणि रस्त्यांवरची प्रेतं यांपेक्षा मला ही मोजदाद जास्त हादरवते.

झाशी पडल्यावर राणीशी काळपीच्या वाटेवर झालेली भेटही अशीच आहे. विहिरीवर, धुळीने माखलेली, तहानलेली राणी. भटजी पाणी शेंदायला पुढे होतात. विद्वान ब्राह्मणाकडून ती सेवा घ्यायला ती नकार देते आणि स्वतः पाणी काढते. दुसऱ्या कोणी इथे वीरश्रीचं भाषण घातलं असतं. गोडसे मातीचं भांडं, दोर आणि थकलेल्या बाईचं बोलणं एवढ्यावर भागवतात. एका ब्राह्मणाचा मान राखणारी राणी त्यांना दिसली, आणि तेवढीच त्यांनी लिहिली.

त्यांच्या मर्यादाही ठळक आहेत. ऐकीव गोष्टी ते बेधडक सांगतात. कलकत्त्यात राजेरजवाड्यांपुढे इंग्रजांनी मांडलेली चौऱ्याऐंशी कलमं ही त्यातलीच. तारखांचाही भरवसा नाही. जातीची चौकट तर ते क्षणभरही सोडत नाहीत. सामान्य कष्टकऱ्याचे हाल त्यांच्या नजरेच्या कडेलाच राहतात.

मिळवलेला पैसा वाटेतच गेला. गावी परतले ते गंगेची कावड घेऊन, आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातलं. रुपयांच्या हिशेबात हा प्रवास बुडीत खाती जमा, पण त्यांच्या लेखी तो फळाला आला. कमाई गेल्याची हळहळ आणि कावड पोचल्याचं समाधान ते सारख्याच मोकळेपणाने सांगतात, म्हणूनच त्यांच्या बाकी सांगण्यावरही विश्वास बसतो. मोहिमांचा तपशील इतर कागदांतून जुळवता येईल. लुटीच्या त्या दिवसांत झाशीतल्या घराघरांतून काय काय नाहीसं झालं, हे विचारायचं तर या दक्षिणेच्या आशेने आलेल्या भिक्षुकाकडेच यावं लागतं.