हलशीला एकटी

एकटीने केलेल्या प्रवासाचे लेख मी आवडीने वाचते. घर, पाहुणे, कुणाचं पारणं, कुणाची परीक्षा हे सगळं सोडून एक दिवस एकटीने बाहेर पडणं आपल्यात अजून कितीजणींना जमतं? म्हणून कुणी गेली की बरं वाटतं. पण हलशीवरचे असे तीन-चार लेख ओळीने वाचले आणि मन काही भरलं नाही.

सगळ्यांची वाट एकच. बेळगावहून सकाळी निघायचं, खानापूर, नंदगड, झाडी, टपरीवरचा चहा, ‘एकट्याच आलात?’ असं विचारणारी कुणी आजी. यात दोन पानं जातात. मग भूवराह-नरसिंहाचं देऊळ येतं ते एका परिच्छेदात. प्राचीन, सुंदर, नीरव. मन शांत झालं. झालं, परतीची बस!

ही विशेषणं उचलून कुठल्याही देवळावर ठेवा, चपखल बसतील. हे देऊळ मात्र कुठल्याही देवळासारखं नाही. गोव्याच्या कदंबांचं, बाराव्या शतकातलं. गाभारे दोन आणि तेही समोरासमोर. एकीकडे पृथ्वीला उचलून धरणारा वराह, दुसरीकडे नरसिंह. मधे उभं राहून एकाला हात जोडले की दुसऱ्याकडे पाठ होते. देवाला पाठ दाखवू नये असं लहानपणापासून ऐकलेल्या बाईला हे आधी खुपायला हवं. घोळक्यात आपण पुढचीच्या मागे जातो, कळतही नाही. एकटीला थांबता येतं, ठरवता येतं. एकटं जाण्याचा खरा फायदा तोच, आणि नेमका तोच या लेखांत नाही.

शिवाय ‘आडबाजूचं गाव’ म्हणतात ते वेगळंच. हलशी म्हणजे जुनी पलाशिका. पाचव्या शतकात कदंब राजा मृगेशवर्मा याने इथे वडिलांच्या स्मरणार्थ जिनालय बांधलं; यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक या साधुसंघांना 33 निवर्तनं जमीन दिली. त्याचा मुलगा रविवर्मा याच्या ताम्रपटात कार्तिकातल्या आठ दिवसांच्या उत्सवाची आणि पावसाळ्याचे चार महिने साधूंच्या आहाराची सोय लावलेली आहे. चातुर्मासात चौका लावणाऱ्या आपल्याला हे वाचून घरचंच वाटावं. गावात आज बस्ती आहे. ती तीच, असं मी म्हणत नाही. पण एवढ्या वाटेने गेलेल्या बाईने तिच्याकडे वळूनही पाहू नये?

अर्थात, आपल्या यात्रांची वर्णनं तरी काय वेगळी असतात? बस्तीत अभिषेक, मग जेवण, की बस सुरू. शेजारचा वराह खिडकीतूनसुद्धा दिसत नाही. तिथे तर आपण पन्नासजणी असतो.

पुढचा लेख लिहिणारीने चहा एका ओळीत आटपावा. आणि त्या दोन गाभाऱ्यांच्या मधे उभी असताना ती आधी कुणाकडे वळली, तेवढं मला सांगावं.