निवांत : वारा नेमका कोण अडवतं?

आईचा फोन आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "निवांत आहेस ना?" मी शांत आहे का, सुखी आहे का, हे ती विचारत नसते. माझ्या आजूबाजूला आत्ता कुणी आहे का, मध्येच उठायला लागेल असं काही काम आहे का, एवढंच तिला जाणून घ्यायचं असतं. म्हणजे माझ्या मनाची नाही, माझ्या परिस्थितीची चौकशी.

प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा पहिला खर्डा लिहिताना मी मात्र 'निवांत'चा अर्थ सरळ 'मनाने शांत' असा लावून मोकळी झाले होते. मार्गदर्शकांनी समासात एकच वाक्य लिहिलं, "शांत आणि निवांत एकच असते तर भाषेने दोन्ही का सांभाळले असते?" आजची पोस्ट त्या एका वाक्यामुळे.

'निवांत'चं नातं संस्कृतातल्या 'निवात'शी जोडलं जातं. 'वात' म्हणजे वारा, त्यामुळे 'निवात' म्हणजे जिथे वारा नाही ते, असं आपण चटकन म्हणतो. पण जुने लोक इथेच थांबत नाहीत. पाणिनीने सहाव्या अध्यायात स्वरांच्या नियमांमध्ये या शब्दाची खास दखल घेतली आहे, आणि तिथे त्याला अभिप्रेत असलेला अर्थ आहे वाऱ्यापासून आडोसा. काशिकावृत्तीतली उदाहरणं बघा : कुटीनिवात, शमीनिवात, कुड्यनिवात. झोपडीचा आडोसा, शमीच्या झाडाचा आडोसा, भिंतीचा आडोसा. अमरकोश तर 'निवात'चे तीन अर्थ देतो : आश्रय, वारा नसणं, आणि शस्त्राने न भेदणारं चिलखत. महाभारतात अर्जुन ज्या 'निवातकवच' असुरांशी लढतो, त्यांच्या नावात हाच तिसरा अर्थ आहे.

आता गंमत लक्षात येते का? आडोसा असेल तर वारा कुठेतरी आहेच. भिंतीच्या अलीकडे तो लागत नाही, कारण पलीकडच्या बाजूने भिंत तो खात असते. माझा मुद्दा एवढाच आहे की निवांतपणा हा आधी जागेचा गुण आहे, माणसाचा नंतर. म्हणून 'निवांत' वाचताना दर वेळी एक साधा प्रश्न विचारावा : इथे भिंत कोण आहे?

हा प्रश्न घेऊन 'कुमारसंभवा'चा तिसरा सर्ग वाचू. समाधीत बसलेल्या शंकराला कालिदास निवात जागेतल्या दिव्याची उपमा देतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्तालाही हीच उपमा आहे, त्यामुळे टीकाकार साहजिकच योगशास्त्राकडे वळतात. ते चूक नाही. कालिदास स्वतःच सांगतो की ही निश्चलता शरीरात फिरणारे वायू रोखल्यामुळे आली आहे. पण जरा आधीचे श्लोक बघा. लतागृहाच्या दारात हातात सोन्याची छडी घेऊन नंदी उभा आहे. तोंडावर बोट ठेवून तो गणांना गप्प करतोय. त्याच्या हुकमाने झाडं हलत नाहीत, भुंगे गुणगुणत नाहीत, अख्खं वन चित्रासारखं थांबलंय. म्हणजे आतला वारा शंकराने रोखलाय आणि बाहेरचा नंदीने. दिव्याची उपमा येते ती नंदीचा पहारा दाखवून झाल्यावर. हा क्रम मला योगायोग वाटत नाही.

पुढे काय होतं? मदन नंदीची नजर चुकवून आत शिरतो. पार्वती समोर येते, आणि चंद्र उगवताना समुद्र हलावा तसा शंकर किंचित हलतो. भिंतीला फट पडली आणि ज्योत थरथरली. 'निवात' ही अवस्था किती नाजूक, किती दुसऱ्यांवर अवलंबून असते, हे कालिदासाला पक्कं ठाऊक होतं असं मी म्हणेन.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. वारा असूनही न हलणं असं काही असतंच की! असतं. गीतेच्याच दुसऱ्या अध्यायात समुद्र आहे : नद्या येऊन मिळत राहतात, तो आपल्या जागी अढळ. तिथे आडोसा नाही आणि गरजही नाही. पण त्यासाठी आपल्याकडे वेगळे शब्द आहेत, 'अढळ', 'अविचल', 'स्थितप्रज्ञ'. दिवा आणि समुद्र या दोन निरनिराळ्या प्रतिमा आहेत, आणि दोघांनाही 'शांत' म्हटलं की फरक पुसला जातो. माझ्या खर्ड्यात नेमकं हेच झालं होतं.

मराठीतलं समुद्राच्या जातीचं उदाहरण म्हणून मी बालकवींच्या (१८९०–१९१८) 'औदुंबर'कडे बघते. आठ ओळींची कविता. पाण्यात पाय सोडून बसलेलं ते झाड समाधानी आहे, उदास आहे की विरक्त, यावर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलंय. झाड निवांत बसलंय असं आपण सहज बोलून जातो. पण कवितेत हा शब्द नाही, आणि डोहाच्या पाण्यावर लाटा आहेत! म्हणजे तिथलं पाणी हलतंय. औदुंबराला कुणाचा आडोसा नाही, दारात नंदी नाही. तो हलत्या पाण्यात बसलाय. म्हणून मी त्याला निवांत म्हणणार नाही, अढळ म्हणेन. आणि अढळ माणसाच्या मनात काय चाललंय ते बाहेरून कळत नाही, म्हणूनच कदाचित त्या झाडाच्या मनःस्थितीबद्दल आपलं एकमत होत नाही.

आता परत आईकडे. रोजच्या बोलण्यात आपण हा शब्द कसा वापरतो ते आठवून बघा. "एकदा निवांत भेटू." "परीक्षा संपली की निवांत." "तुम्ही निवांत जेवा, मी वाढते." प्रत्येक ठिकाणी काहीतरी अडवलेलं आहे, आणि शेवटच्या वाक्यात तर अडवणारी व्यक्ती समोर उभी आहे. आमच्याकडे पंगतीत हे वाक्य बोलणारी बाई स्वतः सगळ्यात शेवटी बसते, तीही अर्धं लक्ष गॅसकडे ठेवून. निवांतपणावरच्या आपल्या ललित लेखांत झोपाळा असतो, पाऊस असतो, वाफाळता चहा असतो. तो चहा कुणी केला हे बहुतेक वेळा नसतं. हे लेख वाईट असतात असं मला म्हणायचं नाही, मलाही ते आवडतात. पण शब्दातच आडोसा दडलेला असताना तो करणाऱ्या माणसाला लेखातून गाळणं हे निदान समीक्षकाच्या नजरेतून सुटू नये.

खर्डा दुरुस्त करताना आईला विचारलं, "तू शेवटची निवांत कधी होतीस गं?" ती जरा वेळ थांबली. मग म्हणाली, "तू फोनवर बोलतेस ना, तेव्हा. फोन चालू असला की कुणी काही मागत नाही."

म्हणजे इतकी वर्षं तिच्या फोनसाठी मी वेळ काढते असं मला वाटत होतं, आणि तिच्या बाजूने बघितलं तर भिंत मी होते. हे प्रकरणात घालता येणार नाही. पण परवापासून फोन ठेवायची घाई करत नाही.