वजडीचा रंग पांढराच

पाककृती हा वाचायचाही मजकूर असतो असं मी मानतो. त्यामुळे ती काय सांगते याबरोबरच काय झाकते हेही बघायची सवय लागली आहे. ‘आयरिश पद्धतीचं, बीफच्या वजडीचं भरपेट स्ट्यू’ अशा नावाने ज्या पाककृती फिरतात त्या साधारण एकाच साच्यातल्या असतात. वजडी एकदा उकळून पाणी फेका, कांदा-गाजर परता, टोमॅटोची प्युरी घाला, गिनेसचा एक डबा ओता, बटाटे टाका, दोन-तीन तास मंद आचेवर ठेवा. वर एक दिलासा असतो: सांगितलं नाहीत तर ही वजडी आहे हे पाहुण्यांना कळणारही नाही. माझा आक्षेप या दिलाशाला आहे, आणि ‘आयरिश’ या विशेषणालाही.

आयर्लंडमध्ये वजडीचं नाव घेतलं की दक्षिणेकडचं कॉर्क शहर आठवतं. तिथल्या पदार्थात स्टाउट नाही, टोमॅटो नाही. वजडीचे तुकडे आणि भरपूर कांदा दुधात शिजवायचा, लोणी-पिठाने रस थोडा दाट करायचा, मीठ आणि पांढरी मिरी घालायची. बस्स. सोबतीला ड्रिशीनच्या चकत्या. ड्रिशीन म्हणजे मेंढीचं आणि गाईगुरांचं रक्त आतड्यात भरून शिजवलेलं सॉसेज. इतर ब्लॅक पुडिंगमध्ये ओट किंवा बार्लीची भर असते म्हणून ती घट्ट लागतात. ड्रिशीन खरवसासारखं लिबलिबीत असतं. आपल्याकडे ज्यांनी रक्ती खाल्ली आहे त्यांना चवीचा अंदाज येईल. ताटात एकूण दोनच रंग, पांढरा आणि राखाडी. फोटोसाठी याहून गैरसोयीचं जेवण शोधून सापडणार नाही.

खुद्द प्रसिद्ध आयरिश स्ट्यूही मुळात फिकटच: मेंढीचं मांस, बटाटे, कांदे आणि पाणी. बीफ आणि गिनेसचा तपकिरी रस्सा ही आयर्लंडची आज जगभर विकली जाणारी प्रतिमा आहे. वजडीची पाककृती त्या प्रतिमेत कोंबली की ती आयरिश दिसते, पण कॉर्कची राहत नाही.

ती कॉर्कची का आहे, याचं उत्तर बंदरात मिळतं. अठराव्या शतकात कॉर्क हे खारवलेल्या बीफचं आणि लोण्याचं फार मोठं निर्यात केंद्र होतं. जनावरं शहरात आणून कापली जात, मांस मीठ लावून पिंपांत भरलं जाई, आणि ती पिंपं ब्रिटिश आरमाराकडे किंवा कॅरिबियन बेटांवरच्या ऊसमळ्यांकडे रवाना होत. जठर, रक्त, आतडी यांचं असं होत नाही. ती ताजीच वापरावी लागतात. म्हणून ती शहरात राहिली, आणि शहरातल्या गरिबांच्या चुलीवर गेली. मांस जहाजावर आणि पोट घरी, अशी ती वाटणी होती. १७८८ साली सुरू झालेल्या तिथल्या इंग्लिश मार्केटमध्ये वजडी आणि ड्रिशीन विकण्याची परंपरा आजच्या काळापर्यंत टिकली, तिच्या मुळाशी ही वाटणी आहे. दुधातली वजडी बेचव वाटत असेल तर हेही लक्षात घ्यावं की ती करणाऱ्यांकडे दूध, कांदा आणि वेळ याखेरीज फारसं काही नव्हतं.

मला ड्रिशीन हा शब्द पहिल्यांदा भेटला तो जेम्स जॉइसच्या ‘अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट ॲज अ यंग मॅन’ (१९१६) या कादंबरीत. स्टीफनचे वडील सायमन डेडलस मुलाला घेऊन रात्रीच्या गाडीने डब्लिनहून कॉर्कला, आपल्या गावी येतात. काम एकच: उरलीसुरली मालमत्ता लिलावात काढणं. हॉटेलात ते न्याहारीला ड्रिशीन मागवतात आणि खाताखाता वेटरकडून गावच्या बातम्या काढू लागतात. संभाषणाचा मेळ बसत नाही, कारण एखादं नाव निघालं की वेटरच्या डोळ्यांसमोर आजचा माणूस असतो आणि सायमनच्या डोळ्यांसमोर त्याचा बाप किंवा आजा.

जॉइस ड्रिशीनचं वर्णन करत नाही. रंग नाही, वास नाही, चव नाही. नुसतं मागवल्याचं सांगतो आणि पुढे जातो. ‘युलिसिस’मध्ये (१९२२) हाच लेखक ब्लूमच्या मूत्रपिंडाच्या न्याहारीवर किती वेळ रेंगाळतो हे आठवलं की हा संयम जाणवतो. ब्लूमची आवड ही ब्लूमची आहे, त्याच्या जिभेची. म्हणून ती जिभेच्या अंगाने लिहावी लागते. सायमनची आवड गावाची आहे. गावातली माणसं बदलली, घरं विकली जायची आहेत, जुनी नावं पोरांनी नि नातवांनी घेतली. ओळखीचं राहिलेलं काय, तर बशीतलं एक स्वस्त सॉसेज. लिलावाला आलेला माणूस ते मागवतो. चवीबद्दल एक शब्दही लिहिला असता तर हा प्रसंग खाण्याचा झाला असता. आता तो हरवण्याचा आहे.

वाचून झाल्यावर मी वजडी दोन्ही पद्धतींनी करून पाहिली. महाराष्ट्रात २०१५च्या कायद्यानंतर बैलाचंही मांस मिळत नाही, म्हणून म्हशीची वजडी घेतली. साधारण एक किलो, चुन्याच्या पाण्याने नीट साफ केलेली, आधी दोन तास पाण्यात उकडून. गिनेसच्या रश्श्यात ती आणखी तासभर राहिली. रस आटला तसा स्टाउटचा कडवटपणा वाढत गेला आणि वजडी त्यात चघळायचा रबरी तुकडा होऊन बसली. दुधातल्या वजडीला मात्र लक्ष द्यावं लागलं, दूध तळाला लागू नये म्हणून. तासाभराने कांदा विरघळला, वजडीतला चिकटपणा दुधात उतरला आणि जाळीदार तुकड्यांच्या खाचांमध्ये तो दाट रस भरून राहिला. वजडीचा तो मंद, गोठ्याची आठवण देणारा वास गेला नाही. तो जाऊ नये अशीच ही कृती आहे.

इथे मराठी वाचकाला शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) आठवल्याशिवाय राहणार नाही. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाण्याबद्दलच्या या पुस्तकात पाककृती आणि जातीचा इतिहास वेगळे काढता येत नाहीत. पण कॉर्कशी तुलना इथेच थांबवावी लागते. कॉर्कच्या कामगाराची वजडी गरिबीची होती आणि आज ती वारसा म्हणून मिरवता येते. आपल्याकडे मेलेलं ढोर ओढणं हे जातीने लादलेलं काम होतं, आणि म्हणूनच १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचं मांस सोडायला सांगितलं. ज्या अन्नाशी सक्ती आणि अपमान जोडलेले आहेत त्याचा वारसा एवढ्या सहज साजरा करता येत नाही. पाटोळे तो अवघडलेपणा पुस्तकात राहू देतात, हे मला त्यांचं मोठं काम वाटतं.

आणि नेमकं तेच ‘पाहुण्यांना कळणारही नाही’ म्हणणाऱ्या पाककृतीला जमत नाही. तिला वजडी स्वस्त म्हणून हवी आहे, आयर्लंड रुचकर म्हणून हवं आहे, पण वजडी कुणाच्या वाट्याला आली आणि का, हे नको आहे. ते झाकायला गिनेस उपयोगी पडतं. कुणाला ही पाककृती सुधारून लिहायची असेल तर माझी सूचना साधी आहे: डबा बाजूला ठेवा, अर्धा लिटर दूध आणि चार मोठे कांदे घ्या, आणि ताट वाढताना पाहुण्यांना सांगा की ही वजडी आहे. ज्याला नको असेल तो पाव आणि कांद्याचा रस घेईल.