मीठ कुणाचं, जर्सी कुणाची?

अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातल्या फुटबॉलची, म्हणजे इथल्या भाषेत सॉकरची, गोष्ट इकडे बहुतेक वेळा एकाच आकड्याभोवती फिरवली जाते: २-०. अमेरिकन चाहते तो आकडा मुद्दाम स्पॅनिशमध्ये ओरडतात, 'दोस आ सेरो'. समोरच्याला त्याच्याच भाषेत टोचायचं असतं. तुम्ही अर्विंगसारख्या गावात राहत असाल, जिथे एक शेजारी मेक्सिकन आणि दुसरा तेलुगू किंवा मराठी असतो, तर हा आकडा तुमच्याही कानावर आला असेल. मला वाटतं, ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते, आणि उरलेली अर्धी आपल्यालाही लागू पडते.

आधी इतिहास पाहा. दोघांचा पहिला सामना १९३४ साली रोममध्ये झाला, विश्वचषकाच्या पात्रतेसाठी. अमेरिका ४-२ ने जिंकली आणि चारही गोल आल्डो डोनेली या एकाच खेळाडूचे. मेक्सिकोविरुद्धचा पुढचा विजय मिळाला तो थेट १९८० साली. मधली शेहेचाळीस वर्षं 'दोस आ सेरो'च्या गोष्टीत येतच नाहीत. ती सुरू होते २००१ साली कोलंबसमध्ये. मग २००२ च्या विश्वचषकात २-०, आणि २००५, २००९, २०१३ मध्ये पुन्हा कोलंबसमध्येच २-०.

कोलंबसच का? कारण लॉस एंजेलिसमध्ये सामना ठेवला, तर स्टेडियम मेक्सिकोच्या हिरव्या जर्सींनी भरतं. म्हणून अमेरिकन फेडरेशनने उत्तरेकडचं छोटं मैदान आणि फेब्रुवारीची थंडी निवडली. मेक्सिकोनेही तेच केलं: समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरवरचं अझ्तेका आणि भर दुपारची वेळ. तिथे अमेरिका पहिल्यांदा जिंकली ती २०१२ मध्ये, तीही मैत्रीपूर्ण सामन्यात. म्हणजे स्कोअर मैदानात ठरत असला, तरी मैदान कुठलं आणि बघायला कोण येणार, हे आधीच ठरवलेलं असतं. नुसता स्कोअर सांगणारे समालोचक हे सोडून देतात.

आता आपल्या अंगणात या. मार्च २०२४ मध्ये नेशन्स लीगची अंतिम लढत अर्विंगजवळच्या आर्लिंग्टनमध्ये झाली. अमेरिका जिंकली, स्कोअर अर्थातच २-०. मेक्सिकोच्या पाठीराख्यांच्या अर्वाच्य घोषणांमुळे सामना थांबवावा लागला. त्या घोषणांचं समर्थन कुणी करू नये. पण आपल्या मंडळींत टीका होते ती वेगळीच: हे लोक इथे राहतात, इथे कमावतात, मग मेक्सिकोचा झेंडा कशाला? खाल्ल्या मिठाला जागायला नको?

हा प्रश्न जुना आहे. ब्रिटनमध्ये नॉर्मन टेबिट या नेत्याने १९९० साली तो दक्षिण आशियाई आणि कॅरिबियन स्थलांतरितांना विचारला होता: क्रिकेटमध्ये तुम्ही कुणाच्या बाजूने ओरडता? म्हणजे तेव्हा कठड्यात आपण होतो.

आणि त्याच २०२४ च्या जूनमध्ये काय झालं? अर्विंगला लागून असलेल्या ग्रँड प्रेरीत अमेरिकेने टी-२० विश्वचषकात पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ती ओव्हर टाकली मुंबईत वाढलेल्या सौरभ नेत्रावळकरने. आपण सगळे त्या दिवशी अमेरिकन झालो. सहा दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याच नेत्रावळकरने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर बाद केलं. तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात की कपाळाला हात लावलात? उत्तर काहीही असो, तुमच्या मिठाचा हिशेब कुणी मागितला नाही. क्रिकेटकडे इथे फारसं कुणाचं लक्ष नसतं, आणि भारताच्या सीमेवर अमेरिकेला भिंत बांधायची नसते, एवढंच त्याचं कारण. ही मोकळीक आपल्याला आपल्या निष्ठेमुळे मिळालेली नाही.

खेळाडूंचंही असंच आहे. एल पासोत मेक्सिकन आईवडिलांच्या पोटी जन्मलेला, डॅलसच्या क्लबातून पुढे आलेला रिकार्डो पेपी अमेरिकेकडून खेळतो. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या जोनाथन गोन्सालेसने मेक्सिको निवडला. एकाला निष्ठावान आणि दुसऱ्याला कृतघ्न म्हणायचं असेल, तर नेत्रावळकरला कोणत्या रकान्यात घालाल?

जुलै २०२५ मध्ये ह्यूस्टनला गोल्ड कपची अंतिम लढत मेक्सिकोने २-१ ने जिंकली. टेक्सासमध्येच, अमेरिकेच्या घरच्या मैदानावर. त्या दिवशी हिरवी जर्सी घालून नाचणाऱ्यांपैकी कित्येकांचा जन्म इथलाच असणार. आपली इथे जन्मलेली मुलं भारताची निळी जर्सी घालून नाचतात, तेव्हा आपल्याला कौतुक वाटतं. तेवढंच कौतुक शेजारच्या घराच्या वाट्याला यायला काय हरकत आहे?