विधी, नाट्य आणि जखम : केविन लोरिंग यांच्या 'व्हेअर द ब्लड मिक्सेस'च्या संदर्भात

मूळनिवासी रंगभूमीच्या समीक्षेत 'नाट्य हाच उपचारविधी' हे विधान इतके रूढ झाले आहे की, त्याची तपासणी क्वचितच होते. कॅनडाच्या संदर्भात त्याला ऐतिहासिक आधार आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. तेथील 'इंडियन अ‍ॅक्ट'मध्ये १८८४ साली झालेल्या दुरुस्तीने पॉटलॅच हा सामूहिक दानविधी गुन्हा ठरविला. ही बंदी १९५१ पर्यंत टिकली. निवासी शाळांच्या शतकाहून दीर्घ कालखंडात सुमारे १,५०,००० मुले घर व भाषा यांपासून तोडली गेली. ज्या दुःखाच्या निवारणासाठी विधी हवा होता, ते दुःख लादणाऱ्या सत्तेनेच विधीही हिरावून घेतला होता. ती रिकामी जागा काही अंशी रंगमंचाने भरून काढली.

न्लाकापामुक समाजातील नाटककार लोरिंग यांचे प्रस्तुत नाटक २००८ साली रंगभूमीवर आले व २००९ साली त्यास गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. फ्रेझर आणि थॉम्पसन या नद्यांच्या संगमावरील लिटन परिसरात ते घडते. या स्थळाच्या 'कुमशीन' या मूळ नावाचा 'नद्यांचा संगम' हा प्रचलित अर्थ अपुरा असून, 'हृदयातील रक्त मिसळण्याची जागा' हा खरा अर्थ होय, अशी शीर्षकामागील भूमिका आहे. फ्लॉइड आणि मूच हे निवासी शाळेतून गेलेले दोन मित्र दारूच्या गुत्त्यात बसून एकमेकांची टर उडवितात. बालकल्याण यंत्रणेने लहानपणी नेलेली फ्लॉइडची मुलगी क्रिस्टीन अनेक वर्षांनी परतते, आणि त्या विनोदाखाली दडलेले सारे वर येऊ लागते.

येथे विधीची पवित्र मांडणी जवळजवळ नाही. आहे तो गुत्ता, उधारी आणि शिव्या. हेच नाटकाचे बळ होय. शोकाचे गांभीर्य आधीच ठरवून आलेल्या प्रेक्षकास ते प्रथम हसावयास लावते, आणि मग त्या हसण्याचीच त्याला लाज वाटू लागते.

तथापि विधी आणि नाट्य यांतील भेद पुसून चालणार नाही. विधीत उपस्थित असलेला प्रत्येक जण बांधील असतो. नाट्यगृहातील प्रेक्षक तिकीट काढून येतो व पडदा पडल्यावर मोकळा होतो. शाळेतून वाचलेली वृद्ध स्त्री आणि तिच्या शेजारच्या खुर्चीतील गौरवर्णी नागरिक एकाच प्रसंगी रडतात, म्हणून दोघांचे रडणे एक ठरत नाही. पहिलीची जखम उघडते. दुसऱ्याचे मन हलके होते. (भावविरेचनाची संकल्पना येथे सरसकट लावणारे समीक्षक नेमके हेच विसरतात.) ओटावा येथील राष्ट्रीय कला केंद्रात लोरिंग यांच्याच कलादिग्दर्शनाखाली २०१९ साली मूळनिवासी रंगभूमी विभागाचा पहिला हंगाम झाला, तेव्हापासून हा प्रश्न अधिकच टोकदार झाला आहे. विधीचा यजमान समाज असतो. येथे यजमानपद त्याच राज्यसंस्थेच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थेकडे आहे, आणि प्रयोगानंतर त्या वृद्ध स्त्रीजवळ कोणी बसावयाचे, हे संहितेत लिहिलेले नसते.